इस्त्रीचं बंड

माझ्या आजोबांचं बंड इस्त्रीचं होतं. नागपूरच्या एम्प्रेस मिलमधली पाळी संपवून घरी आले की आधी नळावर आंघोळ, मग पांढरा सदरा. त्या सदऱ्याची कॉलर इतकी कडक की मागून हाक मारली तर ते नुसती मान न वळवता सगळेच्या सगळे वळायचे. बिडाची, कोळशावर तापणारी इस्त्री होती घरात. चुलीला कोळसा कमी पडला तरी चालेल, इस्त्रीचा वेगळा काढून ठेवलेला असायचा. आजी कुरकुरायची. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "बाबासाहेब सुटाबुटात राह्यत होते. आपल्याले सूट नाही झेपत, इस्त्री तं झेपते."

तरुणांचं बंड म्हटलं की सहसा वेगळंच काही डोळ्यांपुढे येतं. वाढलेले केस, फाटकी जीन्स, गिटार, धूर आणि बापाचं ऐकणार नाही असा चेहरा. हे चित्र १९६० च्या दशकातल्या अमेरिकेचं. व्हिएतनामचं युद्ध, काळ्या लोकांची नागरी हक्कांची चळवळ आणि त्या सगळ्यात पोरांच्या तोंडी गाणी. त्या पोरांची तळमळ खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण कॉलेज सोडून द्यायला आधी कॉलेजात असावं लागतं. कपाटात दहा सदरे असणाऱ्यालाच फाटका घालायची हौस येते. उत्तर नागपूरच्या वस्त्यांमध्ये फाटकं ही नेमून दिलेली गोष्ट होती. नवं धोतर नेसलं म्हणून मार खाल्लेल्या माणसांच्या कहाण्या आजोबा त्यांच्या गावाकडच्या सांगायचे. अशा ठिकाणाहून आलेल्या माणसाची कडक कॉलर म्हणजे समोरच्याला घातलेली शिवीच.

ही शिवी त्यांना गाण्याने शिकवली. पुस्तकाने शिकवणं शक्यच नव्हतं, कारण त्यांना वाचता येत नव्हतं. बाबासाहेबांच्या 'जनता' किंवा 'प्रबुद्ध भारत' या पत्रांचा अंक वस्तीत आला की एखादा शिकलेला पोरगा तो मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. ऐकलेलं भाषण दुसऱ्या दिवशी अर्धं विसरलं जातं. गाणं मात्र गिरणीत साच्यावर काम करतानाही डोक्यात फिरत राहतं.

नागपुरात हे काम फार जुनं आहे. मोहप्याला १८७९ मध्ये जन्मलेले किसन फागूजी बनसोडे नागपुरात छापखाना चालवत होते, वर्तमानपत्रं काढत होते, मुलींसाठी शाळा काढत होते आणि या सगळ्याच्या जोडीला पदं रचत होते. पुढे धर्मांतराच्या प्रश्नावर त्यांचं आणि बाबासाहेबांचं पटलं नाही. त्यामुळेच की काय, आमच्याकडच्या जयंतीच्या फलकांवर ते जितके दिसायला हवेत तितके दिसत नाहीत. हा आमचा कद्रूपणा.

मग आला जलसा. सत्यशोधकांनी तमाशाचा ढाचा उचलून त्यात आपला मजकूर भरला होता. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलशांनी तो आणखी पुढे नेला. गणात गणपतीऐवजी बाबासाहेब आले. गवळणीतला चावटपणा गेला. वगात सावकार, दारू, देवाला सोडलेल्या मुली आणि शाळेत न जाणारं पोरगं. ढोलकी तीच, बसणारी माणसंही तीच, काल रात्री ज्यांनी याच ठेक्यावर शिट्ट्या मारल्या तीच. दारू पिऊन जलसा ऐकायला आलेला माणूस सोंगाड्याच्या तोंडून स्वतःचीच फजिती ऐकत हसायचा आणि हसता हसता गप्प व्हायचा, असं आजोबा सांगायचे. बाहेरची तरुणाई त्या काळात आणि नंतरही गाण्याच्या नावाखाली 'जरा सैल हो' म्हणत होती. आमचं गाणं म्हणत होतं, सैल होऊ नकोस, दारू सोड, पोरीला शाळेत घाल. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर ज्या २२ प्रतिज्ञा घेतल्या गेल्या त्यात दारू न पिण्याचीही एक आहे, आणि ती वस्तीत पोहोचवायचं काम पुढची कित्येक वर्षं गायकांनी केलं. ती सगळ्यांनी पाळली का हा प्रश्न मला कृपया विचारू नये. आमच्या गल्लीच्या टोकाला काय चालतं ते सगळ्यांना दिसतं.

या सगळ्या गायकांमध्ये आमच्या घरात देव्हाऱ्यात बसवावा असा एकच माणूस, आणि देव्हारा नसल्यामुळे तो कॅसेटच्या खोक्यात बसलेला. वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२. मुंबईत आले, गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत काम केलं, किरकोळ वस्तू विकल्या. तरुणपणापर्यंत निरक्षर. कोणीतरी एक पत्र वाचून दाखवायला दिलं आणि त्यांना ते वाचता आलं नाही, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांपैकी प्रत्येकाला पाठ असते. त्या शरमेने ते अक्षरं शिकले, दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत. १९४३ मध्ये पहिलं गाणं रचलं तेही एका हिंदी गाण्याचं विडंबन. म्हणजे चाल उसनी. पुढे हजारो गाणी लिहिली, गावोगाव फिरले, आणि १५ मे २००४ ला गेले.

मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त काय वाटतं ते सांगते. अक्षरं उशिरा हाती लागलेल्या माणसाची गाणी असूनही त्यांत अक्षरांचा बडेजाव नाही. अवघड शब्द वापरून आपण शिकलो हे दाखवायचा मोह प्रत्येक नवशिक्याला होतो, मलाही झाला आहे. वामनदादांच्या ओळी चुलीपुढे बसलेल्या बाईला पहिल्यांदा ऐकताना कळतात. आणि त्यांचं ते बिर्ला, बाटा, टाटा यांची नावं घेऊन विचारणारं गाणं, धनाचा साठा कुठे आणि आमचा वाटा कुठे. त्यात घोषणाबाजीचा आवेश नाही. किराणा दुकानात सुटे पैसे परत मागताना माणूस ज्या सुरात बोलतो, त्या सुरात ते विचारलंय. म्हणून ते बोचतं.

आमच्या वस्तीत या गाण्याला एक खास अर्थ होता, कारण आजोबांचा पगारच टाटांकडून यायचा. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात ही कापड गिरणी सुरू केली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं तोच दिवस, म्हणून नाव एम्प्रेस. टाटा पोलादाच्या नावाने ओळखले जातात त्याच्या कितीतरी आधी ते आमच्या जुम्मा तलावाशेजारी सूत कातत होते. गिरणीत कामगारांसाठी पेन्शन फंड १८८६ मध्येच सुरू झाला होता, अपघाताची भरपाईही १८९५ पासून, म्हणजे सरकारी कायदे यायच्या कितीतरी आधी. आजोबांना याचा अभिमान होता. गिरणीबद्दल कोणी वावगं बोललेलं त्यांना खपायचं नाही. आणि तेच आजोबा अंगणात सतरंजीवर बसून टाळ्यांच्या ठेक्यावर टाटांना हिशेब मागायचे. बाबांनी त्यांना एकदा टोकलं होतं, "सकाळी टाटाचा पगार, संध्याकाळी टाटालेच जाब?" आजोबा म्हणाले होते, "पगार कामाचा होय. वाटा दुसरी गोष्ट हाय."

मी अर्थशास्त्र शिकले. वाटा ही दुसरी गोष्ट आहे हे मला त्या अभ्यासक्रमात कोणी इतक्या थोडक्यात सांगितलं नाही.

गिरणी पुढे टाटांकडून सरकारकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. त्या जागेवर आता मॉल आहे.

माझा भाचा त्या मॉलबाहेर पार्सलची वाट बघत उभा असतो. पदवीधर आहे, बाईक आहे, पाठीला चौकोनी पिशवी आहे. याच पोराच्या अंगात मी एकदा तो टी-शर्ट पाहिला, सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळतो तो, जटा वाढवलेल्या हसऱ्या माणसाचा. मागे हिरवा, पिवळा, लाल रंग. मला वाटलं गांजाची जाहिरात. नागपुरात पानठेल्यावरच्या पोट्ट्यांच्या अंगावर तो चेहरा मी बघत आले होते आणि त्याचा तेवढाच अर्थ लावत आले होते. मी विचारलं, "हा कोण बे?" तर म्हणाला, "मावशी, हा बी आपलाच."

बॉब मार्ली, रेगे गाणारा गायक. जन्म ६ फेब्रुवारी १९४५, जमैकातलं नाइन माइल हे खेडं. वाढला किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीत. भाच्याने मला त्याच्याबद्दल वाचायला लावलं आणि मी वाचत गेले तसतशी मला आमचीच वस्ती दिसायला लागली. गुलामांचे वंशज. मालकांनी दिलेला देव आणि त्या देवाचा गोरा चेहरा नको म्हणून १९३० च्या दशकात त्यातल्या काहींनी स्वतःचा पंथ काढला, रास्ताफारी. इथिओपियाचा सम्राट हायले सेलासी हा त्यांचा तारणहार. सुशिक्षित जमैकन लोक त्यांना गलिच्छ म्हणायचे, पोलीस पकडायचे, जटा कापायचे. मार्लीने या लोकांची गाणी जगभर नेली. १९७६ मध्ये त्याने एक गाणं काढलं, त्याचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे हायले सेलासीने ऑक्टोबर १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत केलेल्या भाषणातले. एक वंश श्रेष्ठ आणि दुसरा हीन हे तत्त्वज्ञान संपेपर्यंत युद्ध चालू राहील, असा त्याचा आशय. मी हे वाचलं आणि उठून चहा टाकला, कारण आनंद झाला की मला चहा लागतो. पुढाऱ्याचं भाषण उचलायचं, त्याला चाल लावायची आणि ज्यांच्यापर्यंत छापील कागद जाणार नाही त्यांच्यापर्यंत ते ठेक्यावर बसवून पाठवायचं. हे तर आमच्या गायकांचं रोजचं काम!

मग जटांचं काय? इथेच मला इस्त्रीचा उलगडा झाला. जमैकात गोऱ्या मालकाला केस विंचरलेला, शर्ट खोचलेला, आपल्यासारखा वागणारा काळा माणूस हवा होता. म्हणून तिथे न विंचरणं हे बंड. आमच्याकडच्या मालकाला मळका, वाकलेला माणूस हवा होता. म्हणून इथे कडक कॉलर. कपड्यांना स्वतःची अशी काही क्रांती नसते. समोरच्याने तुमच्यासाठी काय नेमून दिलंय यावर ते ठरतं. आजोबा ट्रेंचटाउनला जन्मले असते तर त्यांनी जटा ठेवल्या असत्या असं मला वाटतं. आजीने तिथेही कुरकुर केली असती.

३ डिसेंबर १९७६ ला मार्लीच्या घरात घुसून त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. निवडणुकीचे दिवस होते आणि त्याच्या कार्यक्रमाला राजकीय रंग चढला होता. दोन दिवसांनी, ५ डिसेंबरला, जखमी असतानाच तो मंचावर उभा राहून गायला. २२ एप्रिल १९७८ च्या मैफलीत त्याने एकमेकांचे रक्ताचे वैरी असलेल्या दोन पक्षांच्या नेत्यांना, मायकेल मॅन्ली आणि एडवर्ड सिआगा यांना, मंचावर बोलावून त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले. १९८० मध्ये झिंबाब्वेच्या स्वातंत्र्याच्या सोहळ्यात गायला आणि ११ मे १९८१ ला, वयाच्या ३६ व्या वर्षी, कर्करोगाने गेला. त्यानंतर त्याचं काय झालं ते सीताबर्डीच्या फुटपाथवर दिसतं. गोळ्या गेल्या, भाषण गेलं, राहिला हसरा चेहरा आणि धूर. वाटा मागणारा माणूस मेला की त्याचा टी-शर्ट करणं सगळ्यांना सोयीचं पडतं. टी-शर्ट काही मागत नाही.

किंग्स्टनमध्ये मार्ली नेत्यांचे हात जुळवत होता त्याच वर्षी इकडे काय चाललं होतं बघा. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरं जळायला लागली. नागपुरात लोक रस्त्यावर आले. ४ ऑगस्टला इथे गोळीबार झाला, त्यात गेलेल्यांचं स्मारक इंदोऱ्यात आहे. पुढच्या वर्षी ११ नोव्हेंबर १९७९ ला दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला, जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली. बाबा त्यात होते, विशीतले. आंदोलनाबद्दल ते फार बोलत नाहीत, पायांबद्दल बोलतात आणि गाण्यांबद्दल बोलतात. चालताना कव्वाली म्हणता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. कव्वालीला बैठक लागते, दम लागतो, आलाप घ्यायला वेळ लागतो. चालणाऱ्याला दोन ओळींचं काहीतरी पाहिजे, एक ओळ डाव्या पायाची, एक उजव्या. मग त्यांनी बैठकीतल्या गाण्यांची कडवी तोडून तोडून चालण्याच्या मापाची केली. विद्यापीठाला नाव मिळालं १४ जानेवारी १९९४ ला. तोवर बाबांचे केस पिकायला लागले होते आणि मी शाळेत जात होते.

त्याआधी १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. तिचे पुढारी कवी होते, लेखक होते. त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते योग्यच झालं. माझी तक्रार एवढीच आहे की कवितेला विद्रोह म्हणून पुरस्कार मिळाला, चर्चासत्रं मिळाली, आणि त्याच वस्तीतल्या गाण्याला 'लोकगीत' म्हणून मागच्या बाकावर बसवलं. वाचणाऱ्या पाचशेंनी जे वाचलं ते साहित्य आणि ऐकणाऱ्या लाखोंनी जे पाठ केलं ते मनोरंजन, हा हिशेब मला कधी पटला नाही.

माझ्या लहानपणी गाणं म्हणजे दुय्यम कव्वाली, दोन पार्ट्यांचा सामना. वस्तीत कोणाचं पुण्यस्मरण असलं, जयंती असली की चौकात मांडव पडायचा. एका बाजूला एक पार्टी, दुसऱ्या बाजूला दुसरी. हार्मोनियम, ढोलक, बेंजो. एका कव्वालाने गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातच जवाब द्यायचा. मधेच गाणं थांबवून माइकवर बक्षिसांची घोषणा, अमुक अमुक यांच्याकडून स्वर्गवासी तमुक यांच्या स्मरणार्थ एक्कावन्न रुपये. बौद्ध वस्तीत 'स्वर्गवासी' म्हणायचं की नाही यावरून एखादा म्हातारा खालूनच भांडण काढायचा. पहाटेपर्यंत चालायचं हे. आम्ही पोरं सतरंजीवर एकमेकांच्या अंगावर झोपलेलो असायचो आणि झोपेत बाबासाहेबांचं चरित्र कानात जायचं. महाडचं तळं, काळाराम मंदिर, पुणे करार. शाळेत इतिहासाच्या बाई शिकवायला लागल्या तेव्हा आमच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांना पुढे काय होणार ते चालीसकट माहीत होतं.

बायका मात्र मंचाखाली. जुन्या जलशात बाईची भूमिकाही पुरुषच करायचे. हे मला खटकतं, कारण याच नागपुरात २० जुलै १९४२ ला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली होती आणि बाबासाहेब त्यात बोलले होते. आजी म्हणायची, गाणं तर आम्हीच आधी म्हटलं, जात्यावर, पहाटे, आणि आम्हाला कोणी बक्षीस पुकारलं नाही. अलीकडे औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन गातात, मोबाइलवर त्यांना लाखो लोक ऐकतात. आजी असती तर तिने तो मोबाइल हातातून सोडला नसता.

आणि विठ्ठल उमप. कोळीगीत, भारूड, कव्वाली, जांभूळ आख्यान, त्या माणसाच्या गळ्याला काही वर्ज्य नव्हतं. २६ नोव्हेंबर २०१० ला ते इथेच, दीक्षाभूमीवर, कार्यक्रम करत असताना मंचावर कोसळले आणि गेले. संविधान स्वीकारलं गेलं ती तारीख. त्या रात्री आमच्या घरी जेवण झालं नाही.

आता डीजे. हे लिहायचं टाळत होते, कारण यावर घरात भांडणं होतात. १३ एप्रिलच्या रात्री बारा वाजता संविधान चौकात जाऊन पाहा. ट्रकवर रचलेले स्पीकर, निळा प्रकाश, निळे झेंडे, आणि छातीत काहीतरी ढकलल्यासारखा आवाज. बाबांच्या पिढीला हे सोसत नाही. त्यांचं म्हणणं, शब्द ऐकू येत नाहीत मग गाणं कशाला? वर्तमानपत्रांत दरवर्षी ध्वनिप्रदूषणावर पत्रं येतात. दवाखान्यासमोर आवाज बंद पाहिजे हे मला शंभर टक्के मान्य. पण ही पत्रं लिहिणाऱ्यांतल्या काहींना इतर मिरवणुकांच्या वेळी कमी ऐकू येतं, हेही मी पाहिलंय.

मला आवाजाची अडचण नाही. ज्यांच्या पणजोबांना भर रस्त्यातून मान वर करून जाता येत नव्हतं, त्या पोरांनी वर्षातून एक रात्र सगळा रस्ता घेतला तर घेऊ दे. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमध्येही हेच झालं, रेडिओवर आपलं गाणं वाजत नाही म्हणून लोकांनी ट्रकवर भलेमोठे स्पीकर चढवून रस्त्यावर नाच सुरू केले. माझी अडचण त्या स्पीकरमधून काय बाहेर येतं याची आहे. भीमाचा वाघ, भीमाचा छावा, आमच्या नादाला लागू नका. सगळीकडे छाती. प्रश्न एकही नाही. वामनदादा बाबासाहेबांचं नाव घ्यायचे आणि लगेच ऐकणाऱ्याला खिंडीत गाठायचे, तू काय केलंस? आणि साठा असणाऱ्याला विचारायचे, वाटा कुठे? नुसत्या जयजयकारात विचारणारा गायब होतो. बाबासाहेबांचाही टी-शर्ट करायला आपणच निघालो आहोत, आणि त्याच्यावर आपल्याच वस्तीतल्या पोराचं दुकान चालतंय, त्यामुळे मी फार बोललेही नाही कधी.

म्हणून भाच्याच्या रॅपकडे मी आधी दुर्लक्षच केलं. अमरावती, नागपूरकडची पोरं वऱ्हाडीत रॅप करतात हे ऐकून होते. घरातही एक निघेल असं वाटलं नव्हतं. आमच्या मागच्या खोलीत गोधडी टांगून, त्या गोधडीत डोकं खुपसून तो मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करतो, म्हणजे बाहेरच्या ऑटोचा हॉर्न येत नाही. इंटरनेटवरून एक फुकटचा ठेका उतरवलेला. मी म्हटलं, चाल पण उसनीच का? मग मलाच आठवलं, १९४३ चं ते पहिलं गाणं.

ऐकलं तर त्यात वाघ नव्हता. पहिल्या कडव्यात शिष्यवृत्ती, जी कोर्स संपल्यावर आली. दुसऱ्यात कंत्राट, अकरा महिन्यांचं, बारावा महिना येऊच नये म्हणून. मग पार्सल घेऊन मॉलच्या मागच्या दाराने जायचा नियम, आणि तो मॉल जिथे उभा आहे तिथे आपल्या पणजोबाने काय केलं त्याची एक ओळ. मग तो प्रश्न. वामनदादांचाच प्रश्न, फक्त टाटा-बिर्लांच्या जागी आजची नावं. ती मी इथे लिहीत नाही, त्यातल्या एकाकडे तो कामाला आहे.

बाबांना ऐकवलं. त्यांनी कानाला हात लावून ऐकलं आणि म्हणाले, "काही समजून नाही राह्यलं. आगगाडी धरायची हाय का तुले?" भाचा म्हणाला, "आबाजी, याच्यात असंच राह्यते." बाबांनी त्याला ठेका बंद करायला लावला आणि टेबलावर बोटांनी दुसरा धरला, संथ. "आता म्हण." तो म्हणायला लागला. शेवटच्या प्रश्नावर बाबांनी थांबवलं. "'कुठाय'वर जोर काऊन देतो? 'वाटा'वर दे." भाच्याने विचारलं, काऊन? बाबा म्हणाले, "कुठं हाय ते त्याइले बी माहीत हाय न् आपल्याले बी."

यावर दोघांची संध्याकाळभर झकापकी झाली. भाच्याचं म्हणणं, जोर 'कुठाय'वरच बसतो, ठेक्याची चौथी मात्रा तिथे येते. बाबांचं म्हणणं, मात्रा आपल्यासाठी असते की आपण मात्रेसाठी? शेवटी दोन्ही रेकॉर्ड झाली. बाबांची संथ आणि त्याची वेगातली. तो म्हणतो आधी संथ टाकू आणि मग त्यावरून वेगातली सुरू करू.

गाणं अजून बाहेर आलेलं नाही. तिसऱ्या कडव्यात एक शिवी आहे, अस्सल नागपुरी, आणि ती ठेवायची की काढायची यावरून घर फुटलंय. माझी बहीण म्हणते, ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे त्या घरातून असलं गाणं जाणार नाही. बाबा तटस्थ. मी म्हणते ठेवा.